मल्लेश्वरम आणि प्लेग कमिशनर माधवराव

गेल्या पावसाळ्यात बंगळूरला एका प्रशिक्षण वर्गात दोन तास बोलण्यासाठी मला बोलावले होते. समोर चाळीसएक अधिकारी बसले होते. निम्मे सरकारी शाळांचे मुख्याध्यापक, निम्मे तालुका आरोग्य अधिकारी. विषय होता शिक्षण व आरोग्य क्षेत्रांत नेतृत्वगुणांचा विकास. माझ्या आधीच्या वक्त्यांनी पडद्यावर हिमालयाची शिखरे, रांगेने उडणारे पक्षी आणि नेत्याच्या सात गुणांची यादी दाखवली होती. मीही माझ्या परीने अर्थशास्त्रातले दोन-चार सिद्धान्त सांगितले. शेवटी प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा एक तालुका आरोग्य अधिकारी उठल्या आणि म्हणाल्या, "सर, सव्वा वर्षात माझी ही तिसरी बदली. आशा कार्यकर्तींची नावे पाठ होईपर्यंत मी तिथून निघालेली असते. या सात गुणांपैकी कोणता गुण मी कुठे वापरू?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. सभागृहात थोडे हसू उमटले आणि चहाची वेळ झाली. पण जाताना आयोजकांनी सांगितले की पुढील वर्षी हा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर करायचा आहे, त्यासाठी भरीव तरतूद होऊ शकते, तेव्हा आपला लेखी अभिप्राय पाठवावा. म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला आता कागदावर द्यायचे होते.

माझा मुक्काम मल्लेश्वरममध्ये होता. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या भागात फारसे परके वाटत नाही. संपिगे रोडवरची फुलांची दुकाने, आठव्या क्रॉसवरची गर्दी, संध्याकाळी देवळाकडे निघालेली वयस्क जोडपी पाहून पुण्याच्या सदाशिव पेठेची किंवा दादरची आठवण होते. मला मात्र त्या संध्याकाळी एक वेगळीच गोष्ट दिसली. जुन्या घरांच्या दोन रांगा जिथे पाठीला पाठ लावून उभ्या आहेत, तिथे मधून एक अरुंद बोळ जातो. मुंबईकर ज्याला हाऊसगल्ली म्हणतात तसाच. घरात पाण्याचे संडास नव्हते त्या काळी मैला वाहून नेणाऱ्या सफाई कामगारांनी पुढच्या रस्त्याने न येता मागच्या मागे यावे-जावे, म्हणून हे बोळ ठेवलेले. आज तिथे स्कूटर उभ्या असतात, कुंड्या ठेवलेल्या असतात, कुठे कुठे तर बोळ घरातच सामावून गेला आहे. पण हा बोळ ज्या नकाशावर प्रथम आखला गेला, त्या नकाशामागे एक साथ होती, आणि त्या साथीमागे, मला वाटते, आयोजकांना हव्या असलेल्या अभिप्रायातला बराचसा मजकूर होता.

मल्लेश्वरमला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून. काडु म्हणजे कन्नडमध्ये रान. रानातला मल्लेश्वर तो काडु मल्लेश्वर. पूर्वी या वस्तीचे नाव मल्लापूर असे होते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, ज्यांना शिलालेखांत एकोजी म्हटले आहे, त्यांनी १६६९ मध्ये या देवाच्या पूजेअर्चेसाठी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा कन्नड शिलालेख आहे. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर. तेव्हा यात आश्चर्य नाही. पुढे काही वर्षांतच व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि तिथे भोसल्यांची गादी बसली. त्यांच्या मागोमाग देशावरची कितीतरी घराणी कावेरीच्या खोऱ्यात गेली आणि तिथलीच झाली. हा धागा वाचकांनी लक्षात ठेवावा. कारण सव्वादोनशे वर्षांनी त्याच मुलुखातला एक मराठी माणूस उलट्या वाटेने बंगळूरला येऊन या रानाशेजारी वसणाऱ्या शहराच्या कामात हात घालणार होता.

आता प्लेगकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्यात सरकारला जवळजवळ काहीही करण्याची मुभा आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. (मार्च २०२० मध्ये आपण सारे घरात बसलो तेव्हा राज्यांनी हाच कायदा बाहेर काढला होता. एवढ्या वर्षांत त्याला पर्याय लिहायला आपल्याला सवड झाली नाही, ही आम्हा सरकारी नोकरांनी अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे.)

पुण्यात काय झाले ते मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही, तरी दोन तारखा नमूद करतो. १३ मार्च १८९७ पासून रँडच्या प्लेग समितीने सैनिकांच्या तुकड्यांकडून घरोघर झडत्या सुरू केल्या. रँड हा साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर. १८९४ मधील वाईच्या वाद्य प्रकरणापासून त्याची कडक अधिकारी अशी ख्याती होती आणि बहुधा त्या ख्यातीमुळेच त्याची निवड झाली. त्याआधी तीनच दिवस, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांना घेऊन येत. पन्नास वर्षांपूर्वी मुलींची शाळा चालवणारी बाई साथीत दवाखाना चालवायला उभी राहिली, हा मला योगायोग वाटत नाही. ज्या बाईने दगड-शेण झेलत विद्यार्थिनींना घरोघर जाऊन आणले, तिला रुग्णाच्या घराचे दार कसे वाजवावे हे शिकवावे लागत नाही. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, साथीशी लढण्याच्या या दोन रीती शेजारी शेजारी होत्या. सरकारने त्यातली कोणती निवडली ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी तारीख २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र. गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच दिवशी, त्याच महोत्सवानिमित्त, बंगळूरमध्ये म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्या हस्ते व्हिक्टोरिया हॉस्पिटलची कोनशिला बसली. पती चामराजेंद्र वडियार डिसेंबर १८९४ मध्ये वारले तेव्हा युवराज दहा वर्षांचे होते. महाराणींनी १८९५ पासून १९०२ पर्यंत राज्य चालवले, आणि प्लेगचा पहिला तडाखा नेमका याच काळात आला.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये प्लेग बंगळूरला पोचला. तो आला रेल्वेने, हुबळीच्या बाजूने. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती आणि सदर्न मराठा रेल्वेचे मोठे ठाणे होते. म्हणजे मुंबई, पुणे, धारवाड, हुबळी या क्रमाने साथ येताना म्हैसूर सरकारला दिसत होती. तयारीला वेळ मिळाला होता आणि पुण्याचे उदाहरणही डोळ्यांसमोर होते.

त्या काळी बंगळूर एक नव्हे, दोन होते. पेट म्हणजे जुने शहर म्हैसूर संस्थानाचे, आणि छावणीचा भाग ब्रिटिश रेसिडेंटच्या अमलाखाली. उंदीर आणि पिसवा अर्थातच ही हद्द पाळत नव्हत्या. पण उंदीर आणि पिसवा यांचा या रोगाशी काय संबंध आहे हेच तेव्हा सर्वमान्य नव्हते. येरसँने १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जिवाणू शोधला होता. सिमाँने पिसवेचा सिद्धान्त मांडला तो १८९८ मध्येच, कराचीत, आणि तो मान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षे जायची होती. बहुतेक डॉक्टर दूषित हवा, ओलसर जमीन, दाट वस्ती यांना दोष देत होते. हाफकिनची लस मुंबईत १८९७ मध्ये तयार झाली होती, पण लोक तिला घाबरत होते. निर्णय घेणाऱ्याला या स्थितीत निर्णय घ्यायचे होते. आज आपण त्याला अनिश्चिततेतील निर्णयप्रक्रिया असे भारदस्त नाव देतो आणि त्यावर दीड तासाचे सत्र ठेवतो.

त्या वर्षी म्हैसूर सरकारने प्लेग कमिशनर म्हणून ज्यांना नेमले त्यांचे नाव विश्वनाथ पाटणकर माधवराव. इंग्रजी कागदपत्रांत व्ही. पी. माधवराव. जन्म १८५० मध्ये कुंभकोणमला, तंजावरी मराठी कुटुंबात. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ, कॉलेजात इंग्रजी आणि पुढे नोकरी जिथे लागेल तिथली भाषा, असा या घरांचा सर्वसाधारण क्रम असे. कुंभकोणम कॉलेजात प्राचार्य पोर्टर आणि टी. गोपाळराव हे दोन शिक्षक असे होते की त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांनी पुढची दोन पिढ्यांची दक्षिणेकडची संस्थाने चालवली. माधवराव तिथून १८६९ मध्ये पदवीधर झाले आणि म्हैसूरच्या राजघराण्याच्या शाळेत हेडमास्तर म्हणून रुजू झाले. वय वर्षे एकोणीस!

एकोणिसाव्या वर्षी हेडमास्तर ही आज कल्पनेबाहेरची गोष्ट आहे. पण त्या काळच्या तंजावरी मराठी प्रशासकांत हे एकटे उदाहरण नाही. यांच्याहून मोठे राजा सर टी. माधवराव, तेही कुंभकोणमचेच. त्यांनी १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून सुरुवात केली आणि आठ-नऊ वर्षांत त्याच राज्याचे दिवाण झाले. पुढे १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले आणि बारा वर्षांचा एक खेड्यातला मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवलेला असताना त्यांनी राज्याची घडी बसवली. त्या मुलाला, म्हणजे सयाजीराव गायकवाडांना, अधिकार मिळण्याआधी १८८१ मध्ये टी. माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती पुस्तकरूपाने छापलेली आहेत आणि अलीकडे राहुल सागर यांनी ती पुन्हा संपादित केली आहेत. नेतृत्वविकासाचा अभ्यासक्रम म्हणून ज्याला खरोखर काही वाचायचे असेल त्याने ती वाचावीत. पण इथेही एक गोष्ट विसरू नये. व्याख्याने संपली त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीरावांच्या हाती सगळे अधिकार देण्यात आले. अठराव्या वर्षी राज्य मिळालेल्या त्या तरुणाने पुढे १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला.

पुन्हा प्लेगच्या माधवरावांकडे. शाळेतून ते न्यायखात्यात आणि महसुलाकडे गेले, जिल्हे सांभाळले, आणि १८९० च्या दशकात संस्थानाच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले. म्हणजे प्लेग कमिशनर झाला तो पोलीसप्रमुखच. कागदावर पाहिले तर ही नेमणूक रँडच्या नेमणुकीहून वेगळी नव्हती. एका संस्थानाने आपला सर्वांत कडक अधिकारी निवडला असे कुणालाही वाटले असते.

फरक पडला तो माझ्या मते दोन गोष्टींनी. एक म्हणजे हा माणूस त्या राज्यात एकोणतीस वर्षे राहिला होता, आणि त्यातली सुरुवातीची वर्षे वर्गात गेली होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याला केवळ साथ थोपवण्याचे नव्हे तर शहर बदलण्याचे काम करणारे सरकार पाठीशी मिळाले होते. दिवाण शेषाद्री अय्यर १८८३ पासून पदावर होते. पंधरा वर्षे एक दिवाण! आज एवढ्या काळात एखाद्या खात्याला किती सचिव लाभतात ते वाचकांनी मोजावे.

म्हैसूरने उपाय केले ते थोडक्यात असे. साथीच्या कामात समन्वय राहावा म्हणून टेलिफोनच्या तारा टाकल्या. बंगळूरचे चार प्रभाग पाडले आणि आरोग्य अधिकारी नेमला. नवी घरे बांधताना हवा, उजेड आणि सांडपाण्याची सोय असलीच पाहिजे असे नियम केले. व्हिक्टोरिया हॉस्पिटलचे काम पुढे रेटले; ८ डिसेंबर १९०० रोजी व्हॉइसरॉय कर्झन यांच्या हस्ते ते उघडले. आणि पेटेतल्या दाटीतून लोकांना बाहेर काढण्यासाठी दक्षिणेला बसवनगुडी आणि उत्तरेला मल्लेश्वरम या दोन वस्त्या वसवल्या. नव्या वस्त्यांची कल्पना प्लेगच्या आधीपासून होती, पण कल्पना फायलीत असणे आणि भूखंडावर घर उभे राहणे यांतले अंतर साथीने मिटवले.

रुंद सरळ रस्ते, काटकोनात छेदणारे क्रॉस, दुतर्फा झाडे, घराभोवती मोकळी जागा आणि मागे तो बोळ. दूषित हवेच्या चुकीच्या सिद्धान्तावर ही रचना बऱ्याच अंशी उभी होती, आणि तरी ती उपयोगी पडली, कारण मोकळ्या, कोरड्या, नव्या घरांत उंदीर कमी असतात. प्रशासनात अनेकदा असे घडते. कारण चुकीचे, उपाय बरोबर. मात्र रचनेतली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भूखंड जातीजमातींप्रमाणे वेगवेगळ्या विभागांत राखून दिले होते. आणि मागचा बोळ ज्यांच्यासाठी होता ते सफाई कामगार त्या वस्तीत राहत नव्हते. त्यांनी दिसू नये एवढीच त्यांची सोय होती. आरोग्याच्या नावाने केलेली नगररचना कोणाचे आरोग्य धरून चालली होती, हे त्या बोळात उभे राहिले की समजते.

त्या प्लेगच्या छावण्यांत एक डॉक्टर काम करत होते, डॉ. पी. पल्पू. त्रावणकोरच्या ईळव समाजात जन्मलेले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या राज्याने जातीमुळे त्यांना नोकरी नाकारली. म्हैसूरने ती दिली. आधी लस तयार करण्याच्या कामावर, मग प्लेगच्या छावणीवर. पुढे म्हैसूर सरकारने त्यांना सार्वजनिक आरोग्याच्या उच्च शिक्षणासाठी विलायतेला पाठवले. १९०३ मध्ये नारायण गुरूंच्या अध्यक्षतेखाली श्री नारायण धर्म परिपालन योगम् स्थापन झाले त्यामागची मोठी संघटनशक्ती पल्पूंची होती. या माणसातले नेतृत्व कोणी विकसित केले म्हणायचे? त्याचे मोठे श्रेय अर्थात त्यांचे स्वतःचे आणि त्यांच्या समाजाचे. पण प्लेगची छावणी त्यांच्या ताब्यात देणाऱ्या एका सरकारी आदेशाचाही त्यात वाटा आहे असे मला वाटते. पगारी नोकराला एक जबाबदारी पूर्णपणे सोपवली गेली, आणि ती निभावताना तो काय करू शकतो हे त्याला व इतरांना कळले.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की म्हैसूरमध्ये सगळे आलबेल होते. तसे नाही. १८९८ मध्येच श्रीरंगपट्टणजवळच्या गंजाम येथे प्लेगविरोधी उपायांवरून दंगा उसळला आणि तो बळाने मोडावा लागला. बंगळूरमध्येही लोक घर सोडायला तयार नव्हते, रुग्ण लपवत होते. रोग देवीच्या कोपाने आला म्हणून प्लेगच्या मारम्माची देवळे उभी राहिली, त्यांतली काही आजही आहेत. पोलीसप्रमुख कमिशनर असलेल्या राज्यात हे झाले. एकोणतीस वर्षांचा अनुभव गंजामला पुरला नाही. परंतु गंजामनंतरही माणूस बदलला नाही, धोरण गुंडाळले नाही आणि वस्त्यांचे कामही थांबले नाही. अपयश आल्यावर अधिकाऱ्याची बदली करणे हा सरकारचा सर्वांत स्वस्त उपाय असतो. तो म्हैसूरने वापरला नाही, हे मला त्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

माधवरावांची पुढची कारकीर्द मोठी आहे. १९०४ मध्ये ते त्रावणकोरचे दिवाण झाले. पल्पूंना नाकारणाऱ्या राज्याचे! त्याच वर्षी तिथे श्रीमूलम प्रजासभा सुरू झाली आणि मागास समाजांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा खर्च सरकारने उचलण्याचे धोरण आले. १९०६ ते १९०९ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९०७ मध्ये तिथे विधिमंडळ स्थापन झाले. १९१४ ते १९१६ बडोद्याचे दिवाण. १९१९ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, घटनात्मक सुधारणांसाठी काँग्रेसच्या शिष्टमंडळातून ते लंडनला गेले. निवृत्त दिवाणाने काँग्रेसच्या बाजूने बोलायला जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण याच माणसाने म्हैसूरचे दिवाण असताना १९०८ मध्ये वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणला. त्याचा फटका बसलेल्यांत एक होते एम. वेंकटकृष्णय्या, म्हैसूरच्या मरिमल्लप्पा हायस्कूलचे हेडमास्तर आणि पत्रकार. लोक त्यांना प्रेमाने तातय्या म्हणत. निषेध म्हणून त्यांनी आपली पत्रे बंद केली. एका माजी हेडमास्तराने दुसऱ्या हेडमास्तराचे तोंड बंद केले. शाळेत तयार झालेला माणूस आपोआप उदार होतो असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून हे मुद्दाम लिहिले. नेतृत्वाच्या सात गुणांच्या यादीत हा प्रसंग कुठे बसवायचा ते मला अजून सुचलेले नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे केनेथ ॲरो आठवल्यावाचून राहत नाही. त्यांचा १९६२ चा निबंध करता करता शिकण्याविषयी आहे. विमानाचे सांगाडे जितके अधिक बांधले जातात तितके प्रत्येक सांगाड्यामागचे श्रम कमी होत जातात, कारण ज्ञान हे उत्पादनाच्या ओघात साठत जाते. आम्ही एम.ए.ला हा निबंध वाचला तेव्हा त्याचा संबंध कारखान्याशी लावला. नोकरीत तीस वर्षे काढल्यावर मला वाटते की तो शाळेला आणि दवाखान्याला अधिक लागू आहे. फक्त एक अट त्यात गृहीत धरलेली आहे. सांगाडा बांधणारा कामगार त्याच कारखान्यात टिकला पाहिजे. दर पाच महिन्यांनी त्याला दुसऱ्या कारखान्यात पाठवले तर साठलेले ज्ञान वाटेतच सांडते.

२०२० मध्ये माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिकाबाईंच्या शाळेत विलगीकरण केंद्र सुरू झाले. गाव महाराष्ट्रातले, नाव सांगत नाही. बाई त्या शाळेत अकरा वर्षे होत्या. वरून आलेल्या सूचनांत रुग्णांना जेवण कोणी द्यायचे ते लिहिलेले नव्हते. बाईंनी शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या महिलांना बोलावले, त्यांना मास्क दिले, आणि स्वतः पहिल्या पंगतीला वाढायला उभ्या राहिल्या. कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणाच्या नवऱ्याला दारूचे व्यसन आहे, कोण आजार लपवील, हे त्यांना हजेरीपटावरून माहीत होते. आरोग्य खात्याचा तरुण डॉक्टर पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी भांडला आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकेनासा झाला. साथ ओसरल्यावर बाईंकडून खुलासा मागवण्यात आला, की पोषण आहाराचे तांदूळ अन्य कारणासाठी कोणाच्या परवानगीने वापरले. तो खुलासा लिहिण्यात मी त्यांना मदत केली होती. प्रकरण मिटले, पण बाईंनी पुढच्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र २०१२ पासून आहे, सरकारी नोकरांसाठी मिशन कर्मयोगी २०२० पासून आहे. ती असावीत, मी स्वतः अशा वर्गांत शिकलो आहे आणि शिकवतो. टी. माधवरावांनीही व्याख्याने दिलीच होती. पण त्यांच्या व्याख्यानांच्या शेवटी राज्य होते. आमच्या वर्गाच्या शेवटी प्रमाणपत्र आणि जेवण असते.

मी अभिप्राय लिहिला तो दीड पानांचा. त्यात सुचवले की प्रशिक्षणासाठी निवडलेल्या मुख्याध्यापकाची व तालुका आरोग्य अधिकाऱ्याची त्यानंतर किमान तीन वर्षे बदली करू नये. त्यांना ठराविक रकमेपर्यंत खर्चाचे स्वतंत्र अधिकार द्यावेत आणि त्या मर्यादेत सद्भावनेने केलेल्या खर्चाबद्दल खुलासा मागवू नये. चार कलमांच्या साथरोग कायद्याने वरिष्ठांना जे संरक्षण १८९७ मध्ये दिले, ते शाळेतल्या बाईंना मिळायला हरकत नसावी, असेही एक वाक्य लिहिले होते. पाठवण्यापूर्वी ते खोडले. टिपणीत टोमणा शोभत नाही. तालुका आणि शाळा एकमेकांना जोडून द्याव्यात, म्हणजे दोघे एकाच वर्गात येऊन एकाच गावात परत जातील, हेही सुचवले. खर्च जवळजवळ शून्य.

उत्तर आले ते दोन महिन्यांनी. माझ्या सूचना मोलाच्या असल्याचे नमूद केले होते, बदल्यांचा विषय दुसऱ्या विभागाच्या कक्षेत येत असल्याचे कळवले होते, आणि पुढील वर्षीच्या वर्गासाठी सत्रांची संख्या सातावरून नऊ केल्यास माझी हरकत आहे काय, अशी विचारणा होती. त्या तालुका आरोग्य अधिकारी पुढच्या वर्गाच्या यादीत आहेत का ते मी पाहिले. नाव होते. नावापुढे नव्या तालुक्याचे नाव होते.